तात्यांची जीप आणि आटलेला समुद्र

महाराष्ट्रातील तमाम नागरिकांस, विशेषतः किनाऱ्यावर राहणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की अरबी समुद्र आटलेला नाही. तो होता तिथेच आहे. बहात्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तो आटत चालल्याचं माझ्या कानात जाहीर केलं होतं, आणि पारनेरच्या एका हायस्कुलातला भूगोलाचा शिक्षक या नात्याने मी त्या निवेदनाला दुजोरा दिला होता. ते निवेदन मागे घेण्यात येत आहे. (आप्पांनी ते त्याच दिवशी संध्याकाळी, गुडघाभर पाण्यात उभं राहून मागे घेतलं. मला जरा वेळ लागला.)

आता भूगोलाचा शिक्षक म्हटल्यावर त्याने समुद्र पाहिलेला असणार, असा कोणाचाही समज होईल. माझ्या विद्यार्थ्यांचाही होता. वस्तुस्थिती अशी की तोवर मी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे मुळा धरण, आणि तेही बांधकाम चालू असताना. परंतु आमच्या हेडमास्तरांचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता, आणि त्याने एकदा दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याचं रंगीत चित्रांचं कॅलेंडर आणलं होतं. बारा महिने, बारा किनारे. वर्ष संपल्यावर ती चित्रं कापून मी वर्गात लावली, आणि तिथून माझं डोकं फिरलं.

अभ्यासक्रमात दक्षिण आफ्रिकेला दीड पान होतं. मी तिला तीन आठवडे देत असे. छडी घेऊन मी केपच्या किनाऱ्याने चालत निघायचो. हा सपाट माथ्याचा डोंगर, जणू वरून विळ्याने कापलाय. हे कोळ्यांचं गाव, पांढऱ्या भिंती, निळ्या होड्या. इथे खडकावर पेंग्विन बसतात. इथून व्हेलमासा दिसतो, आणि गावातली माणसं जेवण टाकून त्याला बघायला येतात. हे सगळं मी इतक्या जिव्हाळ्याने सांगायचो की गावात माझ्याविषयी बोललं जायचं, मास्तर तिकडे राहून आलेत. मी कधी हो म्हटलं नाही. नाही म्हणायचंही माझ्या हातून राहून गेलं.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. पारनेर तालुक्याला पाऊस नसणं म्हणजे काही बातमी नव्हे, पण त्या वर्षीचं नसणं वेगळं होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आणि नेमकं त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं, शशीचं, लग्न जमत आलं होतं.

स्थळ नगरचं होतं, सावेडीचं. मुलाचे वडील तात्या यांचं पाण्याच्या इंजिनांचं दुकान होतं. विहिरीतच पाणी नाही म्हटल्यावर इंजिन कोण घेणार? दुकानात तात्या आणि माश्या एवढेच असत. पण माणूस दिलदार. हुंडा नको म्हणाले, मानपान नको म्हणाले. त्यांची एकच अट होती, त्यांच्या थोरल्या बहिणीने मुलगी पसंत करायची. तात्यांना लहानपणापासून या आत्याबाईंनी वाढवलेलं. त्यांचे यजमान कोकणात श्रीवर्धनच्या पुढे एका गावात पोस्टमास्तर होते. (गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून ओळखतात.) आत्याबाईंचे गुडघे दुखत, त्या वर घाटावर येऊ शकत नव्हत्या. तेव्हा मुलीलाच खाली न्यायचं ठरलं. याआधी दोन मुली त्यांनी नुसत्या चालण्यावरून नाकारल्या होत्या. शशीची चाल, मी भाऊ असून सांगतो, बांधावरून ढेकूळ चुकवत निघालेल्या माणसाची होती.

निघालो आम्ही तात्यांच्या जीपमधून. ही जीप त्यांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव मुलापेक्षा जास्त होता हे मुलगाच सांगायचा. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून बॉनेटवर होता. गाडीला तात्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही. पुढे तात्या आणि आप्पा, मागे मी, माझी बायको सुमन, शशी, आणि घरच्या पाण्याची मोठी कळशी. आई जनावरांपाशी घरी थांबली, आणि नवरा मुलगा दुकानात माश्यांपाशी. कळशी आप्पांनी आणली होती. परक्या गावाला पाण्याचा भार नको, असं त्यांचं म्हणणं. पुण्यापासून वरंध घाट उतरेपर्यंत ती कळशी माझ्या मांडीवर होती.

घाट उतरलो आणि आप्पांचं बोलणं बंद झालं. रस्त्याच्या कडेने पाणी वाहत होतं. कोणाचंच नसल्यासारखं, नुसतं आपलं वाहत होतं. आप्पांनी दोनदा गाडी थांबवायला लावली आणि ते कुठे जातं ते वाकून पाहिलं. पुढे नारळी-पोफळी लागल्या, जांभ्या दगडाच्या कुंपणाचे गडगे लागले, शेणाने सारवलेली लखलखीत अंगणं, आणि एकेका घरामागे हात घालून तांब्या बुडवावा एवढी वर आलेली विहीर. आमच्या शशीच्या हाताला दोराचे घट्टे पडलेले. ती त्या विहिरींकडे अशी बघत होती, जशा इतर मुली सोनाराच्या दुकानाकडे बघतात.

मी मात्र गप्प बसलो नाही. प्रत्येक वळणावर मी सांगत होतो, "हे अगदी केपच्या किनाऱ्यासारखं." दिवेआगरजवळ एका टेकडीवरून खाली पाहिलं तर चंद्रकोरीसारखा पांढरा किनारा, सुरूची झाडं, वाळूवर पालथ्या घातलेल्या होड्या, आणि त्यापलीकडे जे काही होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. कॅलेंडरमध्ये ते एवढं हलत नव्हतं.  तात्यांनी विचारलं, हेही तिकडच्यासारखंच का? मी म्हणालो, तिकडे पेंग्विन असतात, एवढाच फरक. तात्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. सुमनने खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते.

संध्याकाळी आत्याबाईंच्या गावी पोचलो. त्यांनी शशीला दारातच उभं करून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि उद्या दुपारी रीतसर बघू म्हणून आत गेल्या. आम्ही पुरुष मंडळी तडक किनाऱ्यावर गेलो.

आप्पा चप्पल काढून पाण्यापाशी गेले. त्यांनी ओंजळ भरली, कपाळाला लावली, आणि तोंडात घेतली. मग थुंकले. पाण्याकडे बघत म्हणाले, "येवढं पानी, आनि कुनी नासवलं रं हे?" तात्या दुकानदार माणूस. ते शेजारी उभं राहून पुटपुटत हिशेब करत होते की सह्याद्रीवरून हे पारनेरला चढवायचं तर किती हॉर्सपॉवरचं इंजिन लागेल. सूर्य बुडेपर्यंत ते इंजिन वाढवत होते. अंधार पडला तेव्हा त्यांच्या मनात दुकानाच्या तीन शाखा निघाल्या होत्या.

आता आप्पांची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यातून घडलं. आमच्याकडे दुष्काळात माणूस विहिरीला खूण करतो. सकाळी पाणी जिथे असेल तिथे चुन्याची रेघ मारायची आणि संध्याकाळी किती उतरलं ते बघायचं. त्या वर्षी आप्पांनी आमचीच नव्हे, पंचक्रोशीतली प्रत्येक विहीर रेघा मारून ठेवली होती. पाणी दिसलं की त्यांचा हात खिशातल्या चुन्याकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच किनाऱ्यावर गेले. वाळूवर चुना चालेना, म्हणून त्यांनी पाण्याच्या कडेला सुरूची एक फांदी रोवली. चहाला आले ते गंभीर होते. न्याहारीनंतर पुन्हा जाऊन आले ते अधिक गंभीर. तिसऱ्या खेपेला मला बाजूला घेऊन म्हणाले, "भास्करा, कुनाला बोलू नगं. उतरतंय."

मी बघायला गेलो. खरंच उतरत होतं. फांदी कोरड्या वाळूत उभी होती आणि समुद्र पार लांब, आमच्या शाळेच्या मैदानाएवढा मागे सरला होता. आप्पांनी मला पाण्याने सोडलेल्या रेघा दाखवल्या, एकाखाली एक, अगदी आमच्या विहिरीत असतात तशा. म्हणाले, दुष्काळ इथवर पोचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. (आमच्या तालुक्यात त्या वर्षी तेवढंच उरलं होतं.)

आता तुम्ही म्हणाल, अहो मास्तर, भरती-ओहोटी! तर मला ती येत होती. दरवर्षी मी ती शिकवत होतो. एका मुलाला पृथ्वी करायचं, एकाला चंद्र, आणि चंद्राने पृथ्वीभोवती फिरताना बाकाला अडखळायचं नाही, एवढ्या तयारीनिशी शिकवत होतो. पण ती पुस्तकात होती, चौदाव्या धड्यात, बाण दाखवून. खऱ्या पाण्यावर कुठेही बाण नव्हते. आणि दुसरं म्हणजे मी पारनेरचा. आमच्याकडे पाणी गेलं की गेलं. गेलेलं पाणी सहा तासांनी परत येतं, हे परीक्षेत लिहायला ठीक आहे. त्यावर मनापासून विश्वास ठेवायला माणूस दुसऱ्या तालुक्यात जन्मावा लागतो.

मी म्हणालो, होय आप्पा, पातळी खालावली आहे.

तेवढ्यात तात्या आले. उघडी पडलेली वाळू बघून त्यांना आनंदच झाला. सपाट, ओली, खळ्यासारखी टणक. घाटातल्या धुळीने त्यांची जीप नखशिखान्त माखली होती, आणि पाऊस नाही म्हणून गुढीपाडव्यापासून तिला आंघोळ नव्हती. घरी प्यायला पाणी नसताना गाडी धुतली तर लोक काय म्हणतील, म्हणून तात्यांनी ती महिनोन्‌महिने फडक्याने नुसती पुसली होती. इथे समोर पाणीच पाणी. ना कोणाची पाळी, ना कोणाची रांग.

त्यांनी जीप थेट पाण्याच्या कडेपर्यंत उतरवली, आणि आम्ही तिला धुवायला घेतलं. कोकणातल्या माणसाने खाऱ्या पाण्याने गाडी कधी धुतली नसती. आम्ही बादल्या ओतत होतो. आप्पा आधी लांब उभे होते, आटत्या पाण्याची नासाडी त्यांना बघवत नव्हती. मग हळूच पुढे आले. त्या वर्षी पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, ओल्या फडक्याने अंग पुसून त्यांना सजवावं लागलं होतं. आप्पांनी धोतर खोचलं, वाळूची मूठ घेतली आणि जीपच्या बॉनेटची मान चोळायला लागले. मडगार्डाखाली हात घालून खुरांतली घाण काढावी तशी चिखलाची ढेकळं काढली. शेवटी तिच्या पाठीवर थाप मारली. तात्यांना गहिवरून आलं. व्याही असावा तर असा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

आणि जेवायची हाक आली. जीप वाळेपर्यंत इथेच राहू द्यावी असं तात्यांच्या मनात होतं. पण एवढा मोठा समुद्र शेजारी, त्यांना थोडी शंका आली.

"मास्तर, तुम्ही तिकडचे किनारे कोळून प्यालेले. गाडी इथं ठेवली तर चालंल ना?"

मी डोळे बारीक करून क्षितिजाकडे पाहिलं. एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्याने वर्गात करतो तसा वारा मोजला. (वारा हाताने मोजता येत नाही.)

"खुशाल ठेवा," मी म्हणालो. "हे पाणी आता पुढं येत नाही."

आत्याबाईंकडे जेवण झालं. नारळाच्या दुधातली आमटी, तांदळाची भाकरी, सोलकढी. आप्पांनी सोलकढीच्या तीन वाट्या घेतल्या आणि ओटीवर आडवे झाले. तिसऱ्या प्रहरी बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. शशी नवी साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन, सुमनने शिकवल्याप्रमाणे हळू चालत आली. जन्मात पहिल्यांदा ती हळू चालत होती, त्यामुळे तिचा तोल जात होता. आत्याबाई पाटावर न्यायाधीशासारख्या बसल्या होत्या. स्वैपाक येतो का, विणकाम येतं का, असं विचारत गेल्या. शशी जमिनीकडे बघून उत्तरं देत होती, आणि उत्तरागणिक आत्याबाईंचा चेहरा कोरा होत होता. मग त्यांनी तात्यांना ऐकू जाईल अशा बेताने सुमनला विचारलं, ही नेहमीच अशी मिळमिळीत असते का?  तिसरी मुलगी नाकारली जात होती आणि ती माझी बहीण होती.

त्याच वेळी आत्याबाईंचे यजमान पोस्टातून घरी आले. शांत गृहस्थ. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, पाय धुतले, पोह्यांची बशी घेतली, आणि पहिला घास खाऊन झाल्यावर सहज म्हणाले, "खाली कोणाची तरी जीप डुंबते आहे."

त्यानंतर घरात जे झालं त्याचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मी तोवर निम्म्या वाटेवर होतो.

आमची वाळू नव्हती! फांदी नव्हती, रेघा नव्हत्या, खळं नव्हतं. समुद्र सकाळच्या जागी परत येऊन बसला होता, जसा काही कुठे गेलाच नव्हता. आणि त्यात बऱ्याच अंतरावर सीटपर्यंत बुडालेली तात्यांची जीप लाटेगणिक मान हलवत होती. झेंडूचा हार सुटून तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. तात्या धोतरासकट आत शिरले आणि स्टिअरिंग धरून बसले. गाडी गेली तर तिच्यासोबत जायचं, असा त्यांचा निर्धार दिसत होता. मी चष्म्यासकट त्यांच्या मदतीला धावलो. दुसऱ्याच लाटेने मला उचलून आपटलं, आणि चष्मा घेऊन गेली. तो एव्हाना केप ऑफ गुड होपला पोचला असेल. माझं तिकडे जाणं एवढंच झालं.

या सगळ्या गोंधळात एक माणूस हर्षाने वेडा झाला होता. आप्पा पाण्यात गुडघाभर उभे राहून दोन्ही हातांनी पाणी उडवत होते. "आलं रं भास्करा! वाढलं! सकाळच्या खुनंच्या बी वर आलं!" जीप त्यांना दिसतच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांदेखत गेलेलं पाणी परत आलं होतं, कोणी न खणता, कोणी न मागता. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही.

किनाऱ्यावर जाळी नीट करत बसलेले कोळी तोवर उठून आले होते. किनाऱ्यावरून साऱ्या गावाने मिळून ओढायची मोठी जाळी असते तिथे, रापण म्हणतात तिला; तिचे मनगटाएवढे दोर त्यांनी आणले. पण दोर जीपला बांधायला कोणी जाणार एवढ्यात तो त्यांच्या हातून कोणीतरी हिसकावून घेतला. बघतो तर शशी. नव्या साडीचा कासोटा मारलेला, पदर कमरेला, आणि पोह्यांचा ट्रे कुठे गेला देव जाणे. ती छातीभर पाण्यात गेली, बुडी मारली, मागच्या हुकाला दोराच्या दोन गाठी मारल्या आणि वर येऊन ओरडली, "तात्या, हँडल सोडा! खाली उतरा आधी! तुमचंच वजन व्हतंय!"

होणाऱ्या सासऱ्याला! मी डोळे मिटले. (चष्मा नसल्याने फारसा फरक पडला नाही.)

तात्या निमूट उतरले. मग शशीने सगळ्या गावाला कामाला लावलं. कोळ्यांना इकडे, मला तिकडे, आप्पांना "खेळनं बास झालं" म्हणून दोरावर. आमच्या विहिरीवर रिकामा होत चाललेला पोहरा वर्षभर ओढून तिच्या आवाजाला जी धार आली होती, ती त्या दिवशी समुद्रालाही ऐकू गेली असेल. ती हाळी द्यायची, सारे ओढायचे. मी मधेच मागे वळून पाहिलं तर शशीच्या मागे दोर धरून, नऊवारी खोचून, दुखरे गुडघे वाळूत रोवून आत्याबाई उभ्या होत्या आणि शशीच्या हाळीला हाळी देत होत्या.

जीप बाहेर आली. दारातून पाण्याची धार लागली होती, वायपरला शेवाळ लोंबत होतं, ड्रायव्हरच्या सीटवर एक खेकडा बसला होता. एक म्हातारा कोळी तिच्याभोवती चक्कर मारून म्हणाला, एवढ्या वर्षांत रापणीला जीप गावली नव्हती.

 सगळे धापा टाकत होते. तात्या आपल्या गाडीकडे बघत होते, आणि मग हळूहळू, एकेक करून, सगळे माझ्याकडे बघायला लागले. शशीच्या लग्नाचं आता काय होणार ते मला दिसत होतं, चष्म्याशिवायही. काहीतरी बोलणं भाग होतं. मी ओला हात वर केला आणि वर्गातल्या आवाजात म्हणालो की, वास्तविक यात चिंतेचं काही कारण नाही, ही चंद्राच्या आकर्षणाने होणारी एक नैसर्गिक क्रिया असून...

आत्याबाईंनी दोर खाली टाकला.

"तात्या, पोरगी मला पसंत आहे. पण आत्ताच कबूल करून घे, हिची पोरं शिकायला मामाकडं ठेवायची नाहीत."